मेहकरवाली

आमच्या डोणगावात तिला सगळे मेहकरवाली म्हणत. मेहकर हे आमचं तालुक्याचं गाव, पण ती होती मेक्सिकोची. सावळी, पाठीवर दोन वेण्या, नाकीडोळी आपल्यातलीच वाटावी अशी. पहिल्याच दिवशी माझ्या सासूबाईंनी विचारलं, “कोन्या गावची वं तू?” ती म्हणाली, “मेक्सिको.” “मेहकर? मंग मराठी अशी काऊन बोलते?” झालं, नाव पडलं ते पडलंच.

ती फोटो काढायची, तेही बायकांचेच. “इतिहासात राजे आहेत. त्यांना जेवू कोणी घातलं?” हे तिचं पालुपद. गावातल्या बायकांचे मोठाले फोटो, खाली प्रत्येकीचं स्वतःचं नाव, आणि सगळे शाळेच्या हॉलमध्ये लावायचे, एवढ्यासाठी बाई आमच्याकडे येऊन राहिली. तिच्या देशात म्हणे लग्नानंतरही बाई आपलंच आडनाव ठेवते, वर आईचंही लावते. सासूबाईंना ते काही पटेना. “नवऱ्याचं नावच नाई? मंग नवरा हरपला तं सापडन कसा?”

मराठी ती ऐकून ऐकून शिकली, आणि तिथंच घोळ झाला. एका लग्नात बायका नवरीच्या मागं लागल्या होत्या, “नाव घे, नाव घे.” हिला वाटलं, नाव विचारायची हीच रीत! मी दिवसभर शाळेत शिकवायला, ही एकटी दारोदार कॅमेरा रोखून म्हणायची, “नाव घ्या.” बायका लाजायच्या, पदर सावरायच्या आणि खुशाल घ्यायच्या. सासूबाईंनी तर सुरात घेतलं: “भाकरीवर ठेचा, ठेच्यावर तेल, विश्वनाथरावांचं नाव घेते, झाली फोटोची वेळ.”

फोटो छापून आले आणि मी कपाळावर हात मारला. सासूबाईंच्या हसऱ्या चेहऱ्याखाली ठळक अक्षरांत ‘विश्वनाथराव’! शेजारच्या काकूंखाली ‘महादेवराव’! मेहकरवाली मटकन खाली बसली. “मी बायका शोधायला आले आणि नवरे गोळा केले!” म्हणत हसत सुटली, आणि हसता हसता रडायलाच लागली बिचारी.

मग पुन्हा घरोघर, या वेळी मला घेऊन. सासूबाईंपाशी गाडी अडली. लग्नात त्यांचं नाव बदललेलं, पुढं त्या नुसत्या बाबूची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, माय. शेवटी हळूच म्हणाल्या, “माहेरी मले वच्छला म्हनत. माय गेली, तवापासून कोनी हाकच नाई मारली.”

फोटोखाली वच्छला लागलं. सासरे पाहायला गेलेच नाहीत. बायकांच्या कार्यक्रमाला ते कशाला जातात!

ती निघाली तेव्हा आम्ही सगळे स्टँडवर गेलो. एसटी हलली, तशी तिनं खिडकीतून हाक मारली, “वच्छलाऽ!”

“ओऽ!” म्हणत सासूबाई पोरीसारख्या एसटीमागं धावल्या.

सासरे इकडंतिकडं पाहू लागले. “कोन हाय वं हे वच्छला?”

“मी!” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “लगन करून आनलं, अन् नाव आता पुसून राह्यले!”