खडीवर वाचलेलं चाच्यांचं पुस्तक

१९७३ साल. मी चौतीस वर्षांचा होतो. शिक्षण दुसरी. दुष्काळी कामावर येडशी-कळंब रस्त्याला खडी फोडायला बायकांची टोळी होती, तिचा मी मुकादम. माझी धाकटी बहीण त्याच टोळीत होती. नवरा मारायचा म्हणून ती दिवाळीपासून माझ्याकडंच राहिली होती. होळी झाली की लावून देतो, असा शब्द मी तिच्या येडशीच्या सासऱ्याला दिला होता.

बहीण सातवी पास. तिनं मास्तरीणबाईंकडून एक कादंबरी आणली, चाच्यांची. चाचे म्हणजे समुद्रावरचे दरोडेखोर. ते एका व्यापाऱ्याची मुलगी पळवून गलबतावर नेतात. ती आधी रडते, मग दोर ओढायला शिकते, मग तलवार धरते, आणि त्यांच्या म्होरक्याकडं बघून लाजायलाही लागते. टोळीला याड लागलं. बायकांनी आपसांत ठरवूनच टाकलं, हिनं हातोडा धरायचा न्हाय, नुसतं वाचायचं. हिच्या वाटणीची खडी आपण फोडू. ढीग मापाला भरत होता, म्हणून मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर ढिगाआड पाठ करून मीही ऐकायचो.

समुद्र कुणीच बघितलेला नव्हता. एक दिवस गलबतावरचं प्यायचं पाणी संपलं, तसा टोळीतल्या म्हातारीनं हातोडा थांबवला.

"चौफेर पाणी हाय म्हणतीस, आन् तहानेनं मरायलेत? कुणी लिव्हलंय गं हे? त्याला हितं टँकरच्या लायनीत उभा करा."

"मावशी, समुद्राचं पाणी खारट असतंय."

"मग ती सटवी तिथं ऱ्हायलीच कशाला?"

"म्होरक्यासाठी, मावशी," पलीकडून एक तरणी बोलली आणि सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

होळी झाली. चार दिवसांनी बहीण वाचत होती. पुस्तकातल्या मुलीचा बाप होडी घेऊन गलबताला भिडला होता आणि खालून हाक मारत होता, उतर, घरी चल. तेवढ्यात आमच्यापुढं बैलगाडी थांबली. बहिणीचा सासरा आणि दीर उतरले.

"पाहुणं, शब्द दिला होता," सासरा म्हणाला.

"दिलाय."

बहीण उठून उभी राहिली. सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, म्या जात न्हाय. मारत्यात."

दीर हसला. "काय ओ मुकादम, तुमच्या घरात कुणाचं चालतंय?"

आजवर माझा शब्द खाली पडला नव्हता. मी म्हणालो, "गाडीत बस."

ती बसली. रडली नाही. पुस्तक खडीवर ठेवून गेली. गाडी दिसेनाशी झाली तरी मला काही वाटलं नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यागत होते. मी मोजणी करून घेतली, बायकांना सुट्टी दिली, पुस्तक उचललं आणि घरी आलो.

उजेड होता तोवर अंगणात बसून अक्षराला अक्षर लावत, ओळीवर बोट ठेवून पुढचं वाचलं. दीड पान झालं. मुलगी उतरत नाही. वरूनच बापाला हात जोडते आणि जाऊन सुकाणू धरते. लिहिणाऱ्याला काय जातंय, मला वाटलं. त्या गलबतावर तिचा भाऊ नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायका गप हातोडे मारत होत्या. दुपारी भाकरी खाताना म्हातारीनं विचारलं, "मुकादम, ती पोरगी उतरली का वो?"

"उतरली," मी म्हणालो. "बापासंगं घरी गेली."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "खोटं बोलताव. उतरायचीच हुती तर एवढं जाड पुस्तक कशाला लिव्हलं असतं?"

कुणी हसलं नाही. मी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली आणि उठलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि बहिणीला परत आणायला येडशीच्या वाटंनं पायी निघालो.