परशरामआप्पांचं तीर्थ

पडदा वर जातो. टिळकवाडीतल्या एका छोट्या बंगल्याचा व्हरांडा. टाळेबंदीतली सकाळ, रस्ता रिकाम्या नाट्यगृहासारखा गप्प. फाटकाशी तोंडाला पंचा बांधलेले परशरामआप्पा उभे. एका हातात सॅनिटायझर, दुसऱ्या हातात आत्ताच आलेलं पार्सल.

बाहेरची वस्तू आप्पांच्या हातून शुद्ध झाल्याशिवाय आत जायची नाही, असा त्या दिवसांत घराचा नियम होता. त्यांना तो शोभायचाही. उभी नोकरी त्यांनी कणकुंबीच्या नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्या तपासण्यात घालवलेली. पोत्याला नुसता हात लावून आत दारूची बाटली आहे का ते सांगायचे; पण पकडलेल्या माणसाला आधी चहा पाजायचे.

या पार्सलातून मात्र नुसता एक कागद निघाला. टपालतिकिटांसारख्या बारीक चौकोनांचा, आणि प्रत्येक चौकोनावर डोळे मिटलेला निळा शंकर. आप्पांचे हात आपोआप जोडले गेले. देवळं बंद झाल्यापासून त्यांनी लेकाच्या, ओमकारच्या मागे लकडा लावला होता, "मोबाइलवर काशीचा परसाद मिळतोय म्हणं. मागव की रं." पोरानं अखेर मनावर घेतलं तर!

अंघोळ करून त्यांनी एक चौकोन कापला, ताम्हनात ठेवला, वर पाण्याची धार धरली आणि ते तीर्थ भक्तीनं प्यायले. त्यांच्या पत्नी, मंगलआक्का, तेव्हा न्हाणीघरात होत्या, म्हणून वाचल्या.

तासाभरानं समई गुणगुणायला लागली. फरशीवरचे ठिपके मुंग्यांसारखे चालू लागले. आपण घरात आहोत की काशीत, हेच आप्पांना उमजेना. छाती धडधडू लागली, आणि त्या छातीचं गेल्याच वर्षी ऑपरेशन झालं होतं.

"अगं, मी हितं हाय का?"

"हितं न्हाय तर कुठं? काय थट्टा लावलीसा सकाळी सकाळी?" मंगलआक्का म्हणाल्या, पण नवऱ्याचे डोळे पाहून त्यांनी ओमकारला हाक मारली.

ओमकार ऑफिसचं काम तसंच टाकून आला. ताम्हनातला चौकोन त्यानं बघताक्षणी ओळखला.

"आप्पा, ह्यो परसाद न्हवं. कागदात मुरवलेली नशेची चीज हाय. मी चोरून मागवलती. घरात कोंडून डोस्कं फिरलंतं माझं."

आप्पांना शब्द ऐकू आले; अर्थ मागून लंगडत आला, तोही अर्धाच. "मग काशीचं पार्सल कवा येणार?"

"मुडद्या, बापाला इख पाजलंस की रं!" मंगलआक्का ओरडल्या. "उचल त्यास्नी!"

ओमकारनं आप्पांना धरून गाडीत बसवलं, पण डोक्यात हिशेब सुरू झाला. दवाखान्यात काय प्यायले ते सांगावं लागणार, आणि तिथं दारातच टाळेबंदीचा पोलीस बसलेला. सांगितलं तर नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. न सांगावं, तर बाप हातचा जायचा. गाडीत तो पुटपुटला, "बीपी वाढलंय, एवढंच म्हणूया." आप्पा आपलीच बोटं मोजत होते. ती दर खेपेला वेगळी भरत होती.

"काय घेतलंय यांनी?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ओमकारनं पोलिसाकडं पाहिलं. आप्पांनी ओमकारकडं. लेकाचा चेहरा मेणासारखा वितळत होता, पुन्हा जमत होता; मधेच तो शाळेच्या पहिल्या दिवशीच्या रडव्या पोरासारखा दिसला. मग ओमकारनं त्या नशेचं नाव घेतलं, पोलिसाला ऐकू जाईल असं. पोलीस खुर्चीवरून उठला.

डॉक्टरीणबाई आप्पांवर वाकल्या. "आजोबा, खरं आहे का हे?"

"व्हय, बाई. लेक खरं बोलतोय, त्येला जवळ बसू द्या. पर ती भिंत अंगावर यायलीया, तिला जरा दम धर म्हणावं."