नाव गेलेल्या फायली

"भाऊसाहेब, हात लावू नका. आधी कॉपी." एवढं म्हणून तो मनगटावरचं घड्याळ काढायचा, टेबलावर पालथं ठेवायचा, दोन्ही तळवे पँटला पुसायचा आणि मगच बिघडलेल्या मशीनसमोर बसायचा. मी एकदा विचारलं, "घड्याळ पालथं कशाला रे?" तर म्हणाला, "वेळ दिसली की माणूस घाई करतो. घाईतच वाटोळं होतं."

तिसगावच्या पुढं आमची शाळा. मी तिथला क्लार्क, म्हणून सगळ्यांचा भाऊसाहेब. तो कॉम्प्युटर लॅबवर कंत्राटी. दर जूनला नवी ऑर्डर मिळाली तर मिळाली. पोरं त्याला सर म्हणायची, शिक्षक 'लॅबवाला' म्हणायचे. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल बघा. अडलं की सगळे त्याच्याकडे, आणि समारंभाच्या फोटोत तो कधीच नसतो, कारण फोटो तोच काढत असतो.

शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांना वाळवी लागली होती. कुणाची जन्मतारीख, कुणाची जात, सगळं त्या पानांत. दाखल्यासाठी माणसं पार नगरहून, पुण्याहून यायची. ह्या बाबानं तीन वर्षं खपून पान न् पान स्कॅन केलं, वर ऑफिसातले आवक-जावकचे कागदही. एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून त्यात सगळं ठेवलं. काही पानांचा तर स्कॅन झाल्या झाल्या हातातच भुगा झाला. म्हणजे आता काय ते त्या मशीनमध्येच. त्यानं दुसरी डिस्क मागितली, तर हेडसर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." राहता राहिला यूपीएसचा आधार.

आता माझं पाप सांगतो. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. ऐन भाषणात लाईट जाऊन माईक बंद पडायला नको, म्हणून मंडपात इन्व्हर्टर लावायचा होता आणि त्याला बॅटरी हवी होती. लॅबच्या यूपीएसची बॅटरी शिपायाला सांगून मीच उचलली. भाषण दणक्यात झालं. बॅटरी कार्यक्रमानंतर अध्यक्षांच्या बंगल्यावर गेली ती गेलीच. तो आठवड्याला विचारायचा, "भाऊसाहेब, आपली बॅटरी?" मी म्हणायचो, "येईल रे बाबा. काय जीव चाललाय का तुझा?"

एका दुपारी लाईट गेली, आली, परत गेली. पुन्हा आली तेव्हा ते मशीन सुरूच होईना. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी इंग्रजी अक्षरं. मी घाबरून चारदा बटण दाबलं. तो जिन्यावरून धावत आला. "भाऊसाहेब, हात लावू नका!" माझ्यावर तो पहिल्यांदाच ओरडला असेल.

नगरच्या एका मित्राकडून तो एसटीनं डिस्क घेऊन आला. घड्याळ पालथं पडलं. दोन दिवस नुसती कॉपी चालली होती. हेडसर दारातून डोकावून जायचे. "हा तर नुसता बघत बसलाय!" तिसऱ्या दिवशी त्यानं त्या कॉपीवर दुरुस्ती सुरू केली, मूळ डिस्कला बोट लावलं नाही. फायली परत आल्या, पण एकीलाही नाव नाही. नुसते आकडे. हजारो. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाला, "नाव तेवढं गेलंय, भाऊसाहेब. आतला माणूस हाय जागेवर."

मग एकेक फाईल उघडायची, आतलं वाचायचं आणि नाव द्यायचं. अकरा दिवस. कुणाचा आजोबा, कुणाची आत्या, सगळी माणसं त्यानं परत आपापल्या जागी बसवली. शाबास म्हणायलासुद्धा कुणी फिरकलं नाही. फिरकली ती चौकशीची नोटीस.

मीटिंगच्या सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. "सगळ्यांना नावं दिली. एकच राहिलीय. ती मीटिंगच्या आधी तुमी बघा." मी "बघतो, बघतो" म्हणालो आणि चहा सांगायला निघून गेलो.

अध्यक्ष कडाडले, "ते लिनक्स का फिनक्स टाकायला कुणी सांगितलं हुतं? माझ्या पुतन्याकडं विंडोज हाय, त्याचं न्हाई कधी गेलं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडसरांनी विचारलं, "यूपीएस होता ना? मग?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती हो! बॅटरी कुठाय ते अध्यक्षांच्या तोंडावर कोण सांगणार? तो म्हणाला, "चूक झाली."

जूनला त्याला ऑर्डर मिळाली नाही. 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द घालून त्याचं पत्र मीच टाईप केलं, त्यानंच जिवंत केलेल्या मशीनवर. सही करून त्यानं पत्राची घडी घातली, घड्याळ मनगटावर चढवलं आणि गेला. शिर्डीत कुठल्याशा लॉजच्या काउंटरला बसतो म्हणतात. मी खरं-खोटं करायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

रिटायर व्हायच्या आठवड्यात चार्ज देताना ती राहिलेली फाईल दिसली. आकडा तेवढा, नाव नाही. उघडली. त्याच्या गोल अक्षरातला अर्ज होता: 'लॅबच्या यूपीएसची बॅटरी कार्यक्रमासाठी नेली आहे, ती परत मिळावी. लाईट गेल्यास रेकॉर्ड जाण्याचा धोका आहे.' वर आवकचा शिक्का, खाली माझी सही. लाईट जाण्याच्या महिनाभर आधीची. न वाचताच केली असणार.

एवढा एक कागद मीटिंगमध्ये टेबलावर टाकला असता तर तो सुटला असता आणि मी अडकलो असतो. त्यानं टाकला नाही. मी आपण होऊन बोलेन, असं त्या वेड्याला वाटत होतं.

नव्या क्लार्कनं विचारलं, "भाऊसाहेब, ही कशाची फाईल? काय नाव देऊ?"

"हात लावू नको," मी म्हणालो. तिला अजून नाव नाही.