झबल्याला येणारा वास

सदाशिव पेठेतल्या आमच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात कधी बसल्याच नाहीत. त्यांच्या खुर्चीवर पेशंटांच्या पिशव्या असायच्या. बाई फेऱ्या मारत नाडी बघायच्या आणि पेशंट हात पुढे करून त्यांच्या मागे चालायचा. "बसलं की डोकंही बसतं," म्हणायच्या.

आमची शेती खराडीला. तिथे कंपन्या येऊ लागल्या त्या सुमारास मला नातू झाला. आमच्यात बाळाला पहिलं झबलं जुनं घालतात, घरातल्या कुणी वापरलेलं. मी ट्रंकेतून माझ्या लेकाचं काढून दिलं. दोन-तीन दिवसांत पोर हळदीसारखं पिवळं पडलं, दूध ओढेना. तडक बाईंकडे नेलं.

त्यांनी पापणी ओढून बघितली, मग बाळाचा वास घेतला. "आजोबा, ह्याला ट्रंकेचा वास का येतोय?"

"डांबरगोळ्या असत्यात. कसर लागू नये म्हणून."

"काढा ते झबलं."

"पहिलं झबलं हाय, बाई. ह्याच्या बापानंबी हेच घातलंय. त्याला काय झालं?"

"झबल्याचा फोटो काढून भिंतीवर लावा. बाळ मला द्या."

पोराला निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त तपासायला पाठवलं. बाई भोवती येरझाऱ्या घालत होत्या, त्यांच्यामागे मी. "रक्तातल्या पेशीला आतून गंज चढत असतो, आजोबा. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. साखरेतून बळ घेऊन तो गंज उतरवणारं एक एन्झाइम असतं. ह्याच्यात ते जन्मतः कमी आहे. गोळीच्या वासाने गंज वाढला आणि पेशी फुटायला लागल्या. आईकडून येतं हे."

आमच्या मंडळींनी सुनेकडे बघितलं. बाई न थांबता म्हणाल्या, "नाकही आईकडूनच आलंय. मघाशी कौतुक चाललं होतं ना त्याचं?"

पोर वाचलं. मी आजही म्हणतो, खोट गोळीत होती, झबल्यात नव्हती. ते धुऊन, ऊन दाखवून ठेवलंय. बाईंची एकच ताकीद होती, "काही औषधांनीही हा गंज वाढतो. साध्या तापालाही मला विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही." वीस वर्षं विचारलं.

शेवटी भेटायला गेलो तेव्हा बाई खुर्चीत बसल्या होत्या. मला ते बघवेना. नातू पाया पडला. बाई खुर्चीचे हात धरून उठल्या. "उजेडात ये." त्यांनी पापणी ओढली. "लाल आहे," म्हणाल्या आणि परत बसल्या. त्याच महिन्यात गेल्या.

आता आमच्या वावरात काचेची इमारत आहे. नातू तिथेच कामाला जातो. रोज सकाळी मी दारात फेऱ्या मारत असतो.

"आजोबा, उशीर होतोय मला."

"होऊ दे. उजेडात ये."