वेदनेचा तास

यवतमाळच्या चित्रकला महाविद्यालयात आम्हाला व्यक्तिचित्रण शिकवणारे सर दर तिसऱ्या वाक्याला ‘वेदना’ म्हणत. समोरच्या ताटलीतली वांगी रंगवली, तरी मान तिरकी करून विचारत, "रंग ठीक आहेत, पण वेदना कुठंय?" राळेगावच्या एका पोरीचे त्यांनी त्या वांग्यांपायी मार्क कापले होते. मॉडेल म्हणून बसलेल्या माणसानं तोंड उघडलं, की ठरलेलं वाक्य यायचं, "मॉडेलनं बोलायचं नसतं."

कापसाची ती वाईट वर्षं. सरांनी प्रदर्शनासाठी विषय दिला, ‘हताश शेतकरी’, आणि कॉलेजच्या शिपायाला स्टुलावर बसवलं. शिपाईभाऊंचं दारव्ह्याकडं खरंच कापसाचं वावर होतं. त्याच सकाळी ते आम्हाला सांगत होते, "बोंडअयीनं अर्धं वावर खाऊन टाकलं." पण चेहरा रोजचाच, शांत.

"छे! वेदनाच नाही तुझ्या चेहऱ्यावर," सर वैतागले. "ऊठ, मी दाखवतो."

त्यांनी शिपाईभाऊंचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, कपाळावर हात ठेवला आणि पंख्याकडं नजर लावली. आम्ही पेन्सिली चालवू लागलो. सरांचं मनगटी घड्याळ मी अगदी काट्यांसकट रेखाटलं.

शिपाईभाऊ बाजूला उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "सर, असं डोक्याले हात लावून बसलो, तं राह्यलेला कापूस कोन वेचन?"

सर उसळून काही बोलणार, तेवढ्यात राळेगावची पोरगी कागदावरची नजर न काढता म्हणाली, "सर, मॉडेलनं बोलायचं नसतं."