पुष्पलताचं पाचवं प्रकरण

"सर, सगळं चुकलं."

"सगळं म्हंजे किती वं?"

"पाचवं प्रकरण."

"मंग चार बरोबर हायेत ना! काहून घाबरवून राहिली मले?"

"त्या चारात लोकायचं काम लिवलं हाये, सर. माहं म्हणावं असं पाचवंच होतं."

गणपतराव सरांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, आणि पुष्पलता ही त्यांची पीएच.डी.ची शेवटची विद्यार्थिनी. विद्यार्थिनी कसली, त्रेचाळीस वर्षांची बाई. रामटेककडच्या धानपट्ट्यातली, चिखलात रोवणी करता करता पाढे म्हणणारी. चौदा वर्षांपासून नागपूरच्या एका कॉलेजात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवत होती. दर जूनला नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. यंदा कायमची जागा निघाली होती. पण त्याला पीएच.डी. पाहिजे, आणि प्रबंध देण्याची वाढवून वाढवून मिळालेली शेवटची मुदत आज पाचला संपत होती.

तिचा विषय कायरल स्ट्रिंग. नवरा जितेंद्र कोराडीच्या वीजकेंद्रात होता, त्यानं एकदाच विचारलं होतं, "तू नेमकं काय करून राहिली वं?" तिनं सांगितलं, "कण म्हंजे बारीकशा तारेचं कंपन समजा. तारेचं कडं असलं त लाटा दोन्हीकून धावतात, डावीकून अन् उजवीकून. एका बाजूचं चिन्ह उलटं केलं का जड जड कणायची न संपणारी रांग आपसात कटते, अन् चारदोनच उरतात. ते एकमेकावर आदळले त कुठं किती उडतीन, त्याचं गणित." जितेंद्र म्हणाला, "मंग करून टाक." त्याला नऊ वर्षं झाली.

सहा कणांच्या टकरीचं गणित पुरतं मांडलं तर अकरा पानं होतात. पुष्पलतानं त्याची घडी घालून अर्ध्या पानाचं सूत्र काढलं होतं. जगात कोणी काढलं नव्हतं. ती ते हातानं तपासायची, उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्यांवर. सूत्रात आकडे घालायचे, अकरा पानांत तेच घालायचे. उत्तरं जुळली की झालं. अपूर्णांक हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून त्यातल्या दोन राशींना ती दर वेळी एकच किंमत द्यायची. सहा वर्षं जुळत आलं. परवा सहज दोन्हींना वेगवेगळी किंमत दिली, आणि उत्तर फाटलं. त्या सिद्धांतात असूच शकत नाही असा एक जड कण सूत्रातून डोकं काढून बसला होता.

घडी घालताना एका पदाचं चिन्ह उलटायचं राहून गेलं होतं. आणि त्या पदाला नेमकं त्या दोन राशींच्या वजाबाकीनं गुणलेलं. दोन्ही सारख्या, म्हणून चूक दर वेळी शून्य.

"सुधरवून पाह्यलं?" सरांनी विचारलं.

"रातभर. चिन्ह बरोबर केलं का घडीच पडत नाही. अकराचे अकरा पानं राह्यतात."

सरांनी बशी पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाले, "देऊन टाक तसंच. सह्या झाल्या, बांधून झालं. परीक्षक कुठं सहा कणायचं गणित मांडून बसतात! मी नाही तपासलं, त ते तपासतीन?"

"तुमी नव्हतं तपासलं, सर?"

सरांनी चष्मा काढून लुंगीच्या टोकानं पुसला. "तुह्या हातावर भरवसा होता ना वं."

परीक्षकांबद्दल सर म्हणाले तेच सकाळपासून तीही घोकत होती, कोणाला समजते म्हणून. जागा पुन्हा कधी निघेल कोण जाणे, आणि तोवर तिचं वय उलटलेलं असेल.

"कोणी कॉम्प्युटरवर टाकलं त दोन सेकंदात उघडं पडीन," ती म्हणाली.

"कोणी टाकत नाही."

"नाही टाकत. पण मले त दिसलं ना."

"मंग कॉलेजवाल्यायले सांग तुह्या तोंडानं, जागा नाही पायजे म्हणून!" सर चिडले. "प्रबंधाच्या पाचही प्रती इथं ठेव. मी नेऊन देतो."

तिनं प्रतींची थैली उचलली. पाच प्रतींनी खांद्याला रग लागली. "येतो, सर. पोहे खाऊन घ्या, गार झाले."

दारातून सरांनी एकदा हाक मारली, "पुष्पलता!" ती थांबली, थैली दुसऱ्या खांद्यावर घेतली. ती जिना उतरली.

चौकात ऑटोवाल्यानं विचारलं, "युनिवर्सिटी क्या, म्याडम?"

"नाही. कॉलेज."

प्रयोगशाळेत बी.एस्सी. पहिल्या वर्षाची तुकडी उभी होती. परिचर इंदूबाई कपाटापाशी कुरकुरत होती, "दोन मीटर बंद पडले, म्याडम. कसं करू?"

"एका टेबलावर तिघं-तिघं बसव," पुष्पलता म्हणाली, थैली टेबलाखाली सरकवली, आणि हजेरी घ्यायला लागली.