पाऊण तास मागचं अंगण

माझ्या नवऱ्याला मशीन दुरुस्तीला बोलावलं की तो आधी बसतो. उघडत नाही, स्क्रूला हात लावत नाही, नुसता बसतो. घरातली माणसं जिथे बसून टीव्ही बघतात तिथेच जागा धरायची आणि ती जे बघतात तेच बघायचं. मशीन आपल्या घरात, आपल्या माणसांत कसं वागतं ते कळल्याशिवाय त्याचं पोट फाडू नये, असं त्याचं म्हणणं. लोकांना वाटतं, हा माणूस चहाची वाट बघतोय. लग्नानंतर पुष्कळ दिवस मलाही तेच वाटायचं.

त्याचं नाव दिनानाथ. लग्नात उखाणा घ्यायला मी साफ नकार दिला होता, त्याची भरपाई म्हणून आता उठता-बसता नाव घेते. मूळचा राजापूरकडचा, नोकरी मुंबईत एका सर्व्हिस सेंटरला, बिऱ्हाड विरार पूर्वेला चंदनसारला. टीव्हीवरचे कार्यक्रम भरून ठेवणारी ती चपटी काळी यंत्रं असायची ना, डीव्हीडी रेकॉर्डर आणि हार्ड डिस्क रेकॉर्डर, त्यांच्यातच ह्या माणसाचा जन्म गेला. आता सगळं मोबाइलवर आलं आणि सर्व्हिस सेंटरला टाळं लागलं. आमच्या गॅलरीत मात्र कपडे वाळत घालायला जागा नाही, कारण तिथे मेलेले रेकॉर्डर छपरापर्यंत रचलेत. एकाचा अवयव काढून दुसऱ्याला बसवायचा, हा ह्याचा उद्योग. वसईकडच्या गावांत कुणी ना कुणी परदेशातून आणलेलं असं यंत्र अजून निघतं, ते टाकवत नाही, आणि मग आमचा फोन वाजतो. दिनानाथच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्कूटर मी चालवते आणि हा मागे बॅग मांडीवर घेऊन बसतो. त्यामुळे उमेळ्याला जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुणाकडून ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

उमेळ्याहून फोन केला होता जागृतीने. म्हणाली, काका, मशीन दुरुस्त करायचं नाहीये. ते कायमचं बिघडलंय असं माझ्या सासऱ्यांना सांगा आणि घेऊन जा. मी शेजारी बसून ऐकत होते. मला रागच आला. आम्ही काय नाटक कंपनी आहोत? पण दिनानाथ म्हणाला, बघू तर खरं, आणि दुपारी आम्ही निघालो.

वाडीतलं जुनं घर. तिन्ही बाजूंनी इमारती उभ्या राहिलेल्या आणि मधोमध ही एवढीच हिरवी जागा उरलेली. केळी, सोनचाफा आणि मागच्या अंगाला बावखल, म्हणजे वाडीला पाणी द्यायचं गोड्या पाण्याचं तळं. त्याला दगडी पायऱ्या. जागृतीचे सासरे शत्रुघ्नकाका खुब्याचं हाड मोडून वर्षभर खाटेवर होते. सासू कृष्णाबाई हिंडत्या-फिरत्या होत्या, पण त्यांची आठवण गेली होती. आयुष्यभर त्या बावखलावरून पाणी आणलेलं, तेवढं पायांच्या लक्षात राहिलेलं. नजर चुकली की निघाल्या तिकडे. म्हणून मुलाने अंगणात कॅमेरा लावला आणि त्याची वायर घरातल्या जुन्या हार्ड डिस्क रेकॉर्डरमधून काकांच्या खाटेसमोरच्या टीव्हीला जोडली. बायको बावखलाकडे निघाली की काकांनी हाक मारायची आणि जागृतीने धावत जाऊन तिला आणायचं. खाटेवर पडल्या पडल्या करता येण्यासारखं तेवढंच एक काम काकांना उरलं होतं.

काही महिने ते बरं चाललं. मग काका ओरडायचे, "म्हातारी बावखलावं गेली," आणि जागृती धावत जायची तर तिथे चिटपाखरू नाही. परत येऊन बघते तर सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या. असं वरचेवर होऊ लागलं. पुढे तर कृष्णाबाई खाटेशेजारी खुर्चीत आणि टीव्हीवरही कृष्णाबाई, अंगणात पदर खोचून चाललेल्या. जागृतीने स्वतः एकदा ते बघितलं तेव्हा तिच्या हातातलं ताट पडलं. शेजारणीने कानात सांगितलं की जित्या माणसाची जोडीण, म्हणजे तसंच दुसरं रूप, दिसायला लागली म्हणजे ते माणूस फार दिवसांचं नसतं. टीव्हीवर लिंबू-मिरची बांधलेली मी आल्या आल्या पाहिली होती. काका तर बायकोकडे बघेनासेच झाले होते. ती जवळ आली की विचारायचे, तू कोन?

हे सगळं जागृतीने आम्हाला हळू आवाजात सांगितलं. शेवटी खाली मान घालून म्हणाली, "आता बाबा ओरडले तरी मी उठत नाही, काकी. किती वेळा धावू?"

मला तिचा राग आला नाही. पण एका बाईचा जीव त्या म्हाताऱ्याच्या हाकेवर अवलंबून होता आणि त्या हाकेला आता त्या घरात कुणी उठत नव्हतं.

आम्ही बसलो. कृष्णाबाई खुर्चीत चादरीच्या सुरकुत्या सरळ करत होत्या. माझ्याकडे बघून गोड हसल्या, जेवलीस का म्हणून विचारलं. थोड्या वेळाने जागृती त्यांना आतल्या खोलीत निजवून आली. चहा झाला. काका टीव्हीकडे बघत होते, दिनानाथ टीव्हीकडे बघत होता, म्हणून मीही बघत होते. रिकामं अंगण, एक कोंबडी, एका कडेला फाटक, टोकाला बावखलाच्या पायऱ्या. मधेच चित्र थबकायचं. केळीचं पान वाऱ्यात अर्धं वळलेलं तसंच थांबायचं आणि मग आपोआप पुढे हलायचं. तसं झालं की दिनानाथ थोडा पुढे सरकायचा.

बराच वेळ गेला. टीव्हीवर फाटक उघडलं आणि एक जाडजूड बाई स्कूटर घेऊन आत आली. कोण ही आता भर दुपारी, असं माझ्या मनात येतंय तोवर तिने हेल्मेट काढलं. ती मी होते. मागून दिनानाथ उतरला, बॅग सावरत. मी इथे कप हातात धरून बसलेले आणि तिथे मी साडीच्या निऱ्या झटकत होते. मग तिने मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. मी दिनानाथचा दंड घट्ट धरला.

तो मात्र हसत होता. उठून मशीनच्या पुढच्या बटणांवर नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाला, सापडलं. खाडीची खारी हवा लागून 'थांबा'चं बटण आतून गंजलं होतं आणि आपलं आपणच दाबलं जात होतं. चित्र थांबायचं, पण मशीन आत पुढचं भरून घेत राहायचं. पुन्हा दाबलं गेलं की जिथे सोडलं तिथून दाखवायला लागायचं. प्रत्येक थांब्याला थोडं मागे, असं करत करत अंगण पाऊण तास मागे पडलं होतं. घरात इन्व्हर्टर, त्यामुळे मशीन कधी बंद होत नव्हतं आणि पडलेलं अंतर भरून निघत नव्हतं.

"काका, तुम्ही खरं तेच बघत होता," तो म्हणाला. "फक्त उशिरा."

"मंग मी येडा नाय," शत्रुघ्नकाका म्हणाले आणि रडू लागले. जागृतीने त्यांचे पाय धरले, हसली, डोळे पुसले आणि उठून लिंबू-मिरची ओढून काढली. मलाही इतकं हलकं वाटलं की मी आणखी एक चहा मागितला. तो येऊन, पिऊन झाल्यावर दिनानाथ म्हणाला, एक बटण दाबतो, चित्र आत्ताचं होईल, मग आतलं गंजलेलं बदलू. तेवढ्यात काकांनी हात वर केला. टीव्हीवर स्वयंपाकघराच्या दारातून कृष्णाबाई बाहेर आल्या होत्या. काका म्हणाले, राहू द्या जरा. किती महिन्यांनी तिला न भिता बघतोय.

म्हणून आम्ही सगळे बघत बसलो. जागृती म्हणाली, हे मघाचंच, आई झोपल्यात आत. कृष्णाबाई सावकाश बावखलापर्यंत गेल्या. पायऱ्या उतरल्या. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग कमरेला. आणखी एक पाऊल टाकलं आणि त्या काठाच्या आड गेल्या, जिथे कॅमेरा पोचत नव्हता. पाण्यावर वलयं उमटली, ती विरली. कुणी वर आलं नाही.

दिनानाथ ताडकन उठला; हे आम्ही फाटकातून आत आल्यानंतरचं होतं. "जागृती," तो म्हणाला, "आत जाऊन बघ."

आतली खाट रिकामी होती.

आम्ही तिघंही धावलो. मी इतकी जन्मात धावले नव्हते. बावखलाचं पाणी हिरवं, निवांत, काही सांगत नव्हतं. दिनानाथ चपलांसकट पाण्यात उतरला आणि हातांनी चाचपू लागला. जागृतीला रडूही येत नव्हतं. कण्हल्यासारखा आवाज मला ऐकू आला तो मागच्या केळीतून. कृष्णाबाई तिथे बसल्या होत्या, छातीपर्यंत चिखल, केस गालाला चिकटलेले, हातात करंजाचं उपटलेलं मूळ. त्या मुळाला धरून किती वेळ पाण्यात उभ्या होत्या आणि वर कशा आल्या, देवाला ठाऊक. आता जागृतीला रडू फुटलं.

त्यांना आत आणलं, अंग पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं, गरम चहा पाजला. काकांना मी पहिल्याच क्षणी ओरडून सांगितलं होतं, काका, आहेत, सुखरूप आहेत. त्यांनी मान हलवली नाही. आम्ही कृष्णाबाईंना आणून त्यांच्या शेजारी खुर्चीत बसवलं तरी त्यांची नजर टीव्हीवरच. टीव्हीवर अजून पाणी होतं, नुसतं पाणी.

दिनानाथने बटणाकडे हात नेला तसं काकांनी त्याचं मनगट पकडलं. त्या म्हाताऱ्याच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"नका दाबू," ते म्हणाले. "ती अजून पान्यात हाय."

"काका, मावशी इथे आहेत. तुमच्या बाजूला."

"ही कोन ती मला नाय ठावं. माझी पान्यात हाय."

दिनानाथ पंचवीस वर्षं मशीनशी बोलतोय, माणसांशी काय बोलावं ते त्याला कधी सुचत नाही. पण त्या वेळी त्याने केलं तेच बरोबर होतं. तो ओल्या कपड्यांनिशी जमिनीवर बसला आणि बघू लागला. आम्हीही बसलो. कृष्णाबाईही बघत होत्या. त्यांना कळेना, सगळे एवढे गप्प का. मग त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला.

"कोन बुडली का तिकडं?" त्यांनी विचारलं. "तिला कोन नाय का?"

"हाय," काका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "मी हाय तिला."

कृष्णाबाईंनी हात तसाच ठेवला. बाहेर उन्हं उतरली. कितीतरी वेळाने पायरीच्या कडेला एक हात आला, मग दुसरा, मग चिखलाने माखलेलं डोकं. ती बाई ढोपरांवर रांगत वर आली आणि केळीत जाऊन बसली. काकांनी श्वास सोडला. मग, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, त्यांनी मान वळवून शेजारी बघितलं.

कृष्णाबाई त्यांचे डोळे पुसत होत्या, आपल्या कोरड्या पदराने, परक्या माणसाचे पुसावेत तशा जरा संकोचून.

"आली हो तुमची बाई वर," त्या म्हणाल्या. "आता रडू नका. जा तिच्याकडं."